हार्ड डिस्क टकटक करतेय, आत अकरा वर्षांची रेकॉर्डिंग्ज आहेत, प्लीज सांगा आता काय करू

पहाटवारा
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझ्याकडे २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे, यूएसबीवर चालणारी छोटी. गेली ११ वर्षं मी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करतेय, ते सगळं त्यात आहे, जवळपास ९ हजार वेव्ह फाइल्स, १.४ टीबी भरलीय. काल रात्री एक फोल्डर कॉपी करत होते तर मध्येच अडकलं, ती हिरवी पट्टी पुढेच सरकेना, शेवटी वैतागून केबल ओढून काढली. परत लावली तर विंडोज म्हणतंय ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा. मी कॅन्सल केलं. कान लावून ऐकलं तर डिस्क फिरते, मग टक टक असे दोन आवाज, चारेक सेकंद शांत, परत टक टक. असं सहा-सात वेळा होतं आणि मग ड्राइव्ह दिसायला लागतो, साइज पण बरोबर २ टीबीच दाखवतो, पण आत जाता येत नाही.

दुसरी कॉपी आहे पण ती २०१६ पर्यंतचीच. त्यानंतरचं सगळं फक्त इथेच आहे. रात्रभर झोप नाही. प्लीज कुणीतरी सांगा.

सरळरेष
घाबरू नका, माझं पण सेम झालं होतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि चेकडिस्क चालवा, दुरुस्तीचा पर्याय देऊन. रात्रभर लावून ठेवा, सकाळी सगळं जागेवर. माझ्या पेनड्राइव्हला दोनदा उपयोग झालाय.

चुंबक
पहाटवारा, चेकडिस्क अजिबात चालवू नका!! आधी केबल काढा आणि मग पुढचं वाचा. मी बरीच वर्षं डेटा रिकव्हरीच्या कामात आहे म्हणून जोर देऊन सांगतोय.

सरळरेष, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य, पण पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. चेकडिस्क हे फाइल सिस्टीम (कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची मांडणी) सरळ करायचं साधन आहे, डेटा वाचवायचं नाही. जिथलं वाचता आलं नाही ते सगळं ते बिघडलेलं धरतं आणि नोंदी कापून टाकतं, उरलेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइल्स करून टाकतं. आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून. डिस्क धड असताना अचानक लाइट जाऊन गोंधळ झाला असेल तर ठीक आहे. पण हेडला (तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या बारीक टोकाला) वाचायलाच त्रास होतोय तेव्हा रात्रभर त्याला सगळा पृष्ठभाग तुडवायला लावणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला डोंगर चढायला लावणं.

आत काय चाललंय ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे मी असा का ओरडतोय ते कळेल. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते. तिच्यावर हेड तरंगत असतं, हवेच्या पातळ थरावर, आणि मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. ते हेड वाकलं, त्याला धूळ चिकटली किंवा तबकडीवर ओरखडा पडला की प्रत्येक फेरीला तोच ओरखडा वाढत जातो. तुमचा डेटा म्हणजे तबकडीवरचा तो पातळ चुंबकीय थर. तो खरवडून भुकटी झाला की जगातली कुठलीही लॅब तो परत आणू शकत नाही. बाकी सगळं बदलता येतं हो, हेड बदलतात, मोटर बदलते, बोर्ड बदलतं, तबकडी मात्र बदलता येत नाही.

आवाजावरून थोडा अंदाज येतो. एकसारखं टकटक आणि ड्राइव्ह ओळखलाच जात नाही, तर हेड गेलं असायची शक्यता जास्त. बारीक बीप किंवा घूंऽ करून थांबते, तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम. खरखर किंवा घासल्यासारखं आलं तर त्या क्षणी बंद, परत लावायची नाही, थेट लॅब.

तुमचं मधलं आहे. ड्राइव्ह ओळखला जातोय, साइज बरोबर येतोय, म्हणजे डिस्क आपली अंतर्गत माहिती तबकडीवरून वाचू शकतेय. हे चांगलं लक्षण. आता दोनच प्रश्न, डिस्क कुठल्या पोर्टला लावली होती आणि केबल कुठली?

गारवेल
माझ्या मामेभावाने डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती, दोन तास. बाहेर काढली आणि चालली पण! करून बघायला काय हरकत आहे, तशीही मेलेलीच आहे ना.

चुंबक
हरकत आहे, मोठी आहे. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, बाहेरही आणि आतही. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यामागे फिल्टर, ती हवाबंद नसते. (हेलियम भरलेल्या असतात त्या पूर्ण सील असतात, तशा २०१३ पासून बाजारात आल्या, पण त्या मोठ्या ३.५ इंची.) आता काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या हेडसमोर पाण्याचा थेंब म्हणजे काय ते बघा. फार जुन्या डिस्कना थंडीने कधी पत्रा आकसून जाम सुटत असेल, त्यावरून ही समजूत चालत आलीय. आपटणं, हलवणं, उघडून बघणं हे सगळं त्यातलंच. झाकण घरी उघडायचं नाही. लॅबमध्ये ते काम फिल्टर केलेल्या हवेच्या खोलीत होतं आणि तरीही आम्ही श्वास जपून घेतो.

आणि "तशीही मेलेलीच आहे" हे म्हणू नका राव. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी डिस्क पहिल्या दिवशी जिवंत होत्या, चौथ्या दिवसापर्यंत घरच्या प्रयोगांनी मेल्या.

पहाटवारा
केबल काढली, चेकडिस्क चालवलं नाही. चुंबक, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, डिस्कची मूळची केबल हरवली होती, मी एक लांब केबल वापरत होते, आणि ती पण हबमधून, त्याच हबला रेकॉर्डर चार्जिंगला होता. याचा संबंध असू शकतो का?

चुंबक
असू शकतो, आणि असावा अशी मनापासून इच्छा आहे. तबकडी सुरुवातीला गती घेते तेव्हा डिस्क सगळ्यात जास्त करंट ओढते, पोर्टेबल डिस्कला त्या क्षणी १ अँपिअरच्या आसपास लागू शकतो. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. हबमध्ये तो वाटला जातो, लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. मग हेड बाहेर येतं, वीज कमी पडते, हेड परत रॅम्पवर, म्हणजे तबकडीबाहेरच्या त्याच्या विसाव्याच्या जागी, जाऊन बसतं. तोच तुमचा टक.

चांगली आखूड केबल आणा, लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला थेट लावा. पण विंडोजमध्ये नाही. विंडोज डिस्क दिसली की लगेच माउंट करायला, म्हणजे उघडून वापरात घ्यायला बघतं, अँटिव्हायरस चाळायला लागतो, इंडेक्सिंग सुरू होतं. लाइव्ह लिनक्सच्या (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सच्या) पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, ऑटोमाउंट बंद करा, मग डिस्क लावा आणि फक्त स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. ५, १९७, १९८ आणि १९९ एवढेच इथे टाका. टकटक परत आली तर लगेच काढा, मग माझा सल्ला लॅबचाच राहील.

जुनीवही
मध्येच लिहितोय, पण यातून कुणाचं नुकसान वाचलं तर बरं. माझी ३.५ इंची डिस्क चुकीच्या अडॅप्टरमुळे गेली, १२ व्होल्टऐवजी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लागला. जळका वास आला आणि डिस्क शांत. नेटवर वाचलं की त्याच मॉडेलची दुसरी डिस्क घ्या आणि तिचा हिरवा बोर्ड काढून लावा, मी तसंच केलं, फिरायला लागली पण टक टक टक. मला वाटलं आतून पण गेली. तीन दिवस वेगवेगळं काय काय करत बसलो.

नंतर कळलं की आताच्या डिस्कमध्ये बोर्डवरच्या रॉममध्ये त्याच डिस्कची स्वतःची मोजमापं असतात, तिच्या हेडसाठी फॅक्टरीत ठरवलेली. दुसऱ्याचा बोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. ती रॉमची चिप जुन्या बोर्डवरून काढून नव्यावर बसवावी लागते. आणि वाईट याचं वाटतं की माझ्या मूळ बोर्डवर फक्त एक टीव्हीएस डायोड शॉर्ट झाला होता. तो असतोच त्यासाठी, व्होल्टेज वाढलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं सर्किट वाचवतो. ज्याने शेवटी काम केलं त्याने मल्टिमीटर लावून दोन मिनिटांत शोधला, काढला, आणि मूळ बोर्डवरच डिस्क चालू झाली. पण मी तीन दिवस टकटक करवली होती त्यात एक हेड कमजोर झालं होतं, काही फोल्डर गेले ते गेलेच. त्यात माझ्या मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे व्हिडिओ होते.

शून्यएक
जुनीवही, वाचून वाईट वाटलं.

पोर्टेबल डिस्कबद्दल एक मुद्दा, डबी फोडून आतली डिस्क थेट साटाला (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायच्या पोर्टला) लावू असं कुणाला वाटत असेल तर थांबा. बऱ्याच पोर्टेबलमध्ये आत साटा पोर्टच नसतो, यूएसबी बोर्डवरच असतं. आणि काहींमध्ये त्या यूएसबीच्या चिपमध्येच एन्क्रिप्शन चालू असतं, तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी. डिस्क बाहेर काढून वाचली तर नुसता कचरा दिसतो आणि माणूस समजतो डेटा गेला. डबी, बोर्ड, स्क्रू काही फेकू नका.

पहाटवारा
आखूड केबल आणली. लाइव्ह लिनक्स पहिल्यांदाच वापरलं, भाच्याने फोनवर बसून मदत केली. डिस्क लावली आणि टकटक नाही!! फक्त फिरण्याचा आवाज. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

आकडे: ५ ला ८०, १९७ ला ३१२, १९८ ला ३१२, १९९ ला ०. हे वाईट आहे का?

चुंबक
टकटक गेली ही फार चांगली बातमी. आकडे मात्र सांगतायत की केबल हे अर्धंच कारण होतं. ५ म्हणजे डिस्कने वाईट ठरवून बदललेले सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचले गेलेले. १९९ शून्य म्हणजे डिस्क आणि तिच्या यूएसबी चिपमधलं बोलणं नीट चालू आहे. थोडक्यात, पृष्ठभागावर जखमा आहेत, किती ते माहीत नाही, कारण डिस्कने वाचायचा प्रयत्न केला तेवढेच ३१२ तिला कळलेत. प्रत्यक्षात बरेच जास्त असू शकतात.

स्पष्ट बोलतो. ही रेकॉर्डिंग्ज परत करता येण्यासारखी नाहीत, तेव्हा लॅबला देणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. खर्च झेपत नसेल तर या अवस्थेतल्या डिस्कची इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) घरी घेता येते, पण एका अटीवर, आवाज बदलला की थांबायचं, कितीही टक्के झालेले असोत.

पहाटवारा
लॅबचा खर्च आत्ता नाही झेपणार. घरी करते. कान तयार आहेत माझे, आवाज बदलला तर कळेल. सांगा.

चुंबक
ठीक. आता इथे हळू वाचा.

फाइल्स कॉपी करायच्या नाहीत. फाइल कॉपी करताना हेड सारखं इकडून तिकडे उड्या मारतं, नोंद वाच, फाइल वाच, परत नोंद, आणि एका वाईट सेक्टरवर अडकलं की तिथेच डोकं आपटत बसतं. आपल्याला पूर्ण डिस्कची सेक्टर टू सेक्टर इमेज हवी, दुसऱ्या निरोगी डिस्कवर. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू. अंतोनिओ दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं आहे, फुकट आहे, आणि आमच्यासारखे लोक महागडी यंत्रं हाताशी असताना पण त्याचं नाव आदराने घेतात. ते आधी सोपं सोपं उचलतं. वाईट जागा आली की वाद न घालता उडी मारून पुढे जातं, नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, आणि सगळं चांगलं हाती आल्यावरच मागे वळून जखमांकडे बघतं. ती मॅपफाइल जिवापाड जपा. मध्येच लाइट गेली, डिस्क रुसली, दोन दिवसांनी परत सुरू केलं तरी ती असेल तर जिथे सोडलं तिथूनच चालू होतं. नसेल तर पहिल्यापासून.

इमेज ठेवायला ३-४ टीबीची रिकामी डिस्क घ्या. कमांडमध्ये आधी आजारी डिस्क, मग इमेजची फाइल, मग मॅपफाइल. हा क्रम तीन वेळा वाचून मगच एंटर. उलटा झाला तर आजारी डिस्कवरच लिहिलं जाईल, मी हे होताना पाहिलंय. नाव बघून नाही, सीरियल नंबर बघून खात्री करा. पहिल्या फेरीत जखमा खरवडायच्या नाहीत, त्यासाठी छोट्या एनचा (-n) पर्याय द्या. ती पूर्ण झाली की मगच पुन्हा प्रयत्नांची फेरी, तीनपेक्षा जास्त नको.

वेळेचा अंदाज असू द्या. धड डिस्क १०० एमबी प्रति सेकंदाने २ टीबी साडेपाच तासांत देते. आजारी डिस्क २ एमबीवर आली तर तेच काम साडेअकरा दिवसांचं. वेग पडला म्हणून घाबरून केबल ओढू नका. डिस्कच्या बाजूला पंखा ठेवा, खाली कडक सपाट जागा, आणि त्या टेबलाला कुणी धक्का लावणार नाही एवढं बघा.

सरळरेष
चुंबक, आधीचा माझा सल्ला चुकीचा होता, वाचून कळलं. एक विचारू? हेच एसएसडीला झालं तर?

चुंबक
विचारा की, त्यासाठीच आहे धागा. एसएसडीत तबकडीच नाही, त्यामुळे टकटक नाही, आणि बऱ्याचदा आधी इशाराही नाही, एका क्षणी आहे आणि दुसऱ्या क्षणी नाही. कंट्रोलर (चिपचा कारभार बघणारा भाग) गेला तर चिपवरचा डेटा बहुतेक वेळा एन्क्रिप्टेड असतो, नुसत्या चिप काढून भागत नाही. आणि चुकून डिलीट केलं असेल तर ट्रिम. सिस्टीम एसएसडीला कळवते की ही जागा आता नको, मग एसएसडी सवडीने ती पुसून टाकते, कुणी वापरत नसताना सुद्धा. म्हणून एसएसडीवरून काही डिलीट झालं तर मशीन लगेच बंद. हार्ड डिस्कवर डिलीट झालेलं वरून दुसरं लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा तसंच पडून असतं, हा मोठा फरक. (काही नव्या एसएमआर, म्हणजे एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, हार्ड डिस्कना पण ट्रिम कळतं, तिथे हा भरवसा धरू नका.)

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की शोधून ठेवा. ती नसेल तर शंभर टक्के इमेज घेऊनही उपयोग नाही.

पहाटवारा
सहा दिवस झाले. पहिली फेरी ९ तासांत ९८.६% वर गेली, मला वाटलं झालंच. मग उरलेल्या तुकड्यासाठी पाच दिवस. रात्री उठून उठून आकडा बघायचे, कधी सेकंदाला शून्य, मग एकदम थोडं हलायचं. दोनदा डिस्क स्वतःहून गायब झाली, मॅपफाइलमुळे परत तिथूनच सुरू झालं. आवाज बदलला नाही. आज सकाळी थांबवलं, ९९.९९%, न वाचलेलं ३८ एमबी. डिस्क काढून कपाटात ठेवलीय. पुढे?

चुंबक
३८ एमबी! जिंकलात. २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, त्या ढिगाऱ्यातली एक ४०० एमबीची डिस्क जळून काळी झालेली सापडली होती आणि तिच्यातला ९९% डेटा लॅबने काढला, कारण तबकड्या शाबूत राहिल्या होत्या. आकाशातून पडलेली डिस्क वाचते, आणि टेबलावरची घरच्या प्रयोगांनी जाते. तुम्ही वेळेवर केबल काढलीत म्हणून आज इथे आहोत.

आता इमेजची आधी एक कॉपी करा, काम त्या कॉपीवर, मूळ इमेजमध्ये काहीही बदल नाही. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅमने पार्टिशन (डिस्कवरचा फाइल्सचा विभाग) उघडून फाइल्स नावासकट बाहेर काढा. मग कुठल्या फाइल्सना भोक पडलंय ते शोधायची एक युक्ती आहे. डीडीरेस्क्यूत फिल मोड असतो, मॅपफाइल बघून तो इमेजमधल्या फक्त न वाचलेल्या जागा तुम्ही दिलेल्या शब्दाने भरतो. कॉपीमध्ये असा एखादा शब्द भरा जो आवाजाच्या फाइलमध्ये एरवी येणारच नाही, आणि मग त्या कॉपीतून काढलेल्या फाइल्समध्ये तो शब्द शोधा. ज्यात सापडेल ती जखमी. ऐकायची फाइल मात्र मूळ इमेजमधून घ्या, तिथे भोकात शून्य आहे, म्हणजे शांतता. खुणेचा शब्द कानाला खरखर लागेल.

काही फाइल्सची नावंच दिसत नसतील तर मुख्य यादीला भोक पडलंय. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये) प्रत्येक फाइलची नोंद सहसा १०२४ बाइटची असते आणि डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ चा, म्हणजे एक सेक्टर गेला की चार फाइल्स बेपत्ता. डेटा असतो, पत्ता नसतो. त्यांच्यासाठी फोटोरेक हा प्रोग्रॅम. ते नोंदी बघतच नाही, फाइलची सुरुवात ओळखून उचलतं. वेव्ह फाइल आरआयएफएफ या चार अक्षरांनी सुरू होते आणि पुढच्या चार बाइटमध्ये लांबी असते, त्यामुळे एकसलग असेल तर पूर्ण मिळते. नाव मात्र मिळणार नाही.

पहाटवारा
सगळ्यांना सांगायला आले.

८,८०० च्या वर फाइल्स नावासकट, फोल्डरसकट आल्या. ६१ जखमी निघाल्या. सगळ्या ऐकल्या. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ आहे, सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट, म्हणजे एक सेक्टर गेला तर १४ मिलिसेकंद. बऱ्याच फाइल्समध्ये तेवढंच आहे, हेडफोन लावला तरच एक बारीक टिक ऐकू येते. काहींमध्ये तीन-चार सेकंद गेलेत, एकीत तर अर्धा मिनिट.

नावं गेलेल्या १४० होत्या, त्यातल्या १३१ फोटोरेकने अखंड दिल्या, सगळ्यांची नावं नुसते आकडे. मी डोक्याला हात लावून बसले होते, तर शून्यएक यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं की फील्ड रेकॉर्डर वेव्हच्या सुरुवातीलाच बेक्स्ट नावाच्या भागात रेकॉर्डिंगची तारीख आणि वेळ लिहितात, बघा आहे का. होतं! प्रत्येक फाइलमध्ये होतं. भाच्याने छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि आकड्यांच्या जागी तारीख-वेळ आली. मी बाहेर जाताना वही बाळगते, तिच्यात वेळ आणि पक्षी लिहिलेला असतो. आता रोज रात्री वही एका बाजूला, फाइल्स दुसऱ्या बाजूला, असं जुळवत बसते. काल पहाटे ४.५२ ची फाइल लावली, वहीत त्या वेळेला फक्त एवढंच लिहिलंय, "रातवा, खूप जवळ, श्वास धरला." फाइलमध्ये तो आहे. अखंड.

अजून ८४ जुळवायच्या आहेत.

जुनीवही
पहाटवारा, ती रातव्याची फाइल इथे ऐकवता येईल का?

पहाटवारा
आज रात्री टाकते. तीन प्रती झाल्यात तिच्या आता, त्यातली एक ताईच्या घरी.